मोडीच्या डब्यातला फ्लोरिन

इंग्लंडमधल्या एका नाणेमेळ्यात दिसलेली गोष्ट. घाऊक चांदी विकणाऱ्याच्या टेबलावर प्लॅस्टिकचे दोन डबे ठेवलेले. एकावर मार्करने लिहिलं होतं ‘१९२० आधी’, दुसऱ्यावर ‘१९४७ आधी’. मधे काळ्या-करड्या नाण्यांचा ढीग, आणि ढिगामागे बसलेला एक पोरगेलासा माणूस. नाणं उचलायचं, साल बघायचं, डब्यात टाकायचं. राजा आहे की राणी, मागे ढाल आहे की सिंह, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मधेच एक रुंद, पातळसं नाणं हाताला आलं. त्याने ते उलटवलं, पुन्हा सुलटं केलं, कडेने नजर फिरवली. साल काही सापडेना. शेवटी ते ‘१९४७ आधी’मध्ये पडलं. तो व्हिक्टोरिया राणीचा गॉथिक फ्लोरिन होता, म्हणजे दोन शिलिंगांचं नाणं. साल त्यावर होतंच, पण रोमन आकड्यांत, तेही जाड टोकदार मध्ययुगीन लिपीत, बाकीच्या अक्षरांच्या ओळीत मिसळून गेलेलं. साडेब्याण्णव टक्के चांदीचं नाणं पन्नास टक्क्यांच्या भावात गेलं, आणि संग्राहकाकडे त्याची जी किंमत झाली असती तिचा तर प्रश्नच आला नाही.

यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. झालंच असेल तर नुकसान विकणाऱ्याचंच. तरी ते दृश्य डोक्यातून जात नाही, कारण त्या माणसाची पद्धत मुळीच चुकीची नव्हती. वितळवायच्या चांदीपुरतं बोलायचं तर या नाण्यांवर वाचण्यासारखं एवढंच असतं: साल. आणि ही दोन सालं त्याने ठरवलेली नाहीत, ब्रिटिश सरकारने ठरवलेली आहेत.

मुळात गोष्ट सुरू होते १८१६ ला. त्याआधी एका ट्रॉय पौंड (बारा औंस वजनाच्या) चांदीतून ६२ शिलिंग पाडली जात; शिलिंग म्हणजे १२ पेन्स, आणि २० शिलिंगांचा चलनातला एक पौंड. त्या वर्षीच्या कायद्याने ती ६६ झाली. कस तोच, ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. वजन मात्र घटलं. शिलिंग ५.६५ ग्रॅमवर आलं, सिक्सपेन्स त्याच्या निम्मं, हाफ-क्राउन (अडीच शिलिंग) १४.१४ ग्रॅम, क्राउन (पाच शिलिंग) २८.२८. चांदीची नाणी ४० शिलिंगांपेक्षा जास्त रकमेला कायदेशीर चलन राहिली नाहीत. म्हणजे खरा पैसा सोन्याचा, आणि चांदी ही किमतीपेक्षा थोडी हलकी ठेवलेली सुटी नाणी. हिशेब साधा आहे: ट्रॉय पौंडाला ६६ शिलिंग म्हणजे औंसाला ६६ पेन्स. बाजारात चांदी औंसाला ६६ पेन्सच्या खाली आहे तोवर नाणं वितळवण्यात फायदा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदी इतकी उतरली की शिलिंगमधल्या धातूची किंमत त्याच्या दर्शनी किमतीच्या निम्म्याहूनही खाली गेली. मग पहिलं महायुद्ध आलं, चांदी चढत गेली आणि फेब्रुवारी १९२० मध्ये औंसाला साडेएकोणनव्वद पेन्सवर पोचली. खिशातला प्रत्येक शिलिंग आता वितळवला तर जास्त मोलाचा होता. त्याच वर्षी कायदा झाला आणि कस ९२५ वरून ५०० वर आला.

ही चढण आपल्याकडूनही लागलेली होती. भारतातल्या नोटांच्या बदल्यात रुपये द्यावे लागत, युद्धाच्या खरेदीमुळे रुपयांची मागणी अफाट वाढली, आणि १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने रुपया तर ४३ पेन्सलाच वितळवण्याजोगा होत होता. म्हणून ऑगस्ट १९१७ पासून रुपयाचा दर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा लागला. अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने भारतासाठी विकत घेतली. चवली, पावली आणि अधेली (दोन, चार आणि आठ आण्यांची नाणी) निकेलमध्ये आली ती याच टंचाईत. लंडनच्या शिलिंगचा कस आणि मुंबईच्या टांकसाळीतला रुपया हे एकाच दोरीची दोन टोकं होती, हे इंग्लंडमधले संग्राहक फारसं बोलत नाहीत. भारतातला रुपया १९४० मध्ये त्याच वाटेने ५० टक्क्यांवर आला. घरोघरी जपून ठेवलेल्या जॉर्ज सहाव्याच्या पुष्कळशा रुपयांची तीच गत आहे.

१९२० चा कस टांकसाळीला नीट जमला नाही. कधी नुसतं तांबं, कधी त्यात थोडं निकेल घालून पाहिलं, प्रमाणं बदलून पाहिली. नव्या कोऱ्या नाण्याचा पृष्ठभाग आम्लात धुऊन पांढरा केलेला असे, त्यामुळे बँकेतून बाहेर पडताना ते चांदीसारखंच दिसे. पण वरचा थर झिजला की राजाचा गाल आणि केस पिवळट-तपकिरी दिसू लागत. १९२१-२२ चे वापरलेले हाफ-क्राउन आजही त्या आजारी रंगावरून ओळखता येतात. १९२७ मध्ये ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त असा मिश्रधातू ठरला आणि तो १९४६ पर्यंत टिकला. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली ८ कोटी ८० लाख औंस चांदी परत करायची वेळ आली. १९४७ पासून नाण्यांत चांदी उरलीच नाही, आलं तांबं-निकेल. गंमत म्हणजे राणी-राजाच्या हातून गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी निवडक वृद्धांना वाटली जाणारी मॉन्डीची इवलीशी नाणी त्याच वर्षी पुन्हा ९२५ वर गेली. चांदी व्यवहारातून उठली आणि विधीत शिल्लक राहिली.

डब्यांवरची दोन सालं ही अशी.

आता तो फ्लोरिन. १८४९ मध्ये पौंडाचा दहावा भाग म्हणून हे नाणं काढलं तेव्हा दशमान पद्धतीकडे टाकलेलं ते पहिलं पाऊल होतं. तिथून दशमानापर्यंत पोचायला १९७१ उजाडलं. पहिल्या फ्लोरिनवरून ‘देवाच्या कृपेने’ ही अक्षरं गळली, आणि त्यावरून गदारोळ झाला. टांकसाळीचे प्रमुख रिचर्ड लॅलर शील कॅथलिक होते, त्यामुळे संशयाला जागा मिळाली. १८५१ पासून अक्षरं परत आली, पण विल्यम वायनच्या मुकुटधारी राणीभोवती सगळा मजकूर गॉथिक लिपीत गेला, सालासकट. नाणंही २८ वरून ३० मिलिमीटरवर रुंदावलं. ढिगात शोधायचा असेल तर हीच खूण: पंचम जॉर्जचा फ्लोरिन साडेअठ्ठावीसचा, हा दीड मिलिमीटर मोठा आणि तेवढ्याच वजनामुळे पातळ. साल चेहऱ्याच्या बाजूला, मजकुराच्या शेवटी असतं. सुरुवात नेहमी mdccc म्हणजे ‘एम डी सी सी सी’ या पाच अक्षरांनी, म्हणजे १८००. पुढे ‘एल’ म्हणजे ५०, प्रत्येक ‘एक्स’चे १०, आणि अखेरीला ‘व्ही’ आणि ‘आय’. झिजलेल्या नाण्यावर शेवटचे ‘आय’ दोन की तीन हे पाहायला दिवा आडवा धरावा लागतो. १८५४ चा मिळाला तर सोडू नये. तो दुर्मिळ आहे. १८६४ ते १८७९ या काळातल्या बहुतेक फ्लोरिनवर राणीच्या अर्धपुतळ्याखाली एक बारीकसा आकडा दिसतो, तो ठशाचा क्रमांक. कोणता ठसा किती टिकतो हे टांकसाळ मोजत होती. त्या काळातल्या शिलिंग-सिक्सपेन्सवर तोच आकडा मागच्या बाजूला, सालाच्या वर असतो. एकाच सालाचे वेगवेगळे आकडे गोळा करणारे लोक आहेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. माझ्या मते त्या पैशांत एक चांगला फ्लोरिन घेतलेला बरा.

घाऊक बाजाराचा हिशेब दर्शनी किमतीवर चालतो. १९२० आधीच्या एक पौंडाच्या नाण्यांत, मग ती वीस शिलिंग असोत की आठ हाफ-क्राउन, वजन ११३.१ ग्रॅम आणि शुद्ध चांदी १०४.६ ग्रॅम. १९४७ आधीच्या पौंडात साडेछप्पन्न. झिजेमुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, म्हणून शहाणा खरेदीदार दर्शनी किमतीवर न जाता वजन करून घेतो. चांदी चढली की हे डबे भट्टीकडे जातात. गुळगुळीत झालेला १९१८ चा शिलिंग वितळला तर हळहळ वाटू नये, ते लाखांनी आहेत. अडचण अशी की भट्टीत जाणाऱ्या नाण्यांची नोंद कुणी ठेवत नाही. त्यामुळे अमुक साली इतकी नाणी पाडली हा आकडा आणि आज त्यातली किती उरली हा आकडा यांचा संबंध दर चढणीनंतर आणखी सैल होतो. १९२० नंतर बँकांकडून परत आलेली ९२५ कसाची नाणी टांकसाळीनेच वितळवली. नव्या संग्राहकाने पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. तो कमाल मर्यादा सांगतो, बाकी काही नाही.

तरीही काही आकडे पाठ असावेत. १९०५ चा हाफ-क्राउन १,६६,००८ नग. त्याच वर्षीचं शिलिंग ४,८८,३९०. १९३० चा हाफ-क्राउन ८,०९,०५१, १९३२ चा फ्लोरिन ७,१७,०४१, १९२५ चा हाफ-क्राउन १४ लाखांच्या आसपास. यातले शेवटचे तीन ‘१९४७ आधी’च्या डब्यात सापडू शकतात, कारण तिथे चाळणारा माणूस २० आणि ४७ एवढंच बघत असतो. १९०५ चा हाफ-क्राउन डब्यात मिळणं कठीण, आणि मिळालाच तर आधी संशय घ्यावा: याची बनावट नाणी बाजारात आहेत. सालातला शेवटचा अंक दहा पटीच्या भिंगाखाली बघायचा. त्याच्या बुडाशी जोड, खरवड किंवा बाजूच्या सपाटीपेक्षा वेगळा पोत दिसला तर अंक बदललेला आहे. मग खात्रीच्या नाण्याच्या फोटोशेजारी ठेवून पाच या अंकाची मान आणि पोट ताडायचं. १९२७ ते १९३६ च्या, मागे पुष्पचक्र असलेल्या क्राउनचंही तसंच. १९३४ चे फक्त ९३२ पाडले गेले, आणि ऑनलाइन बाजारात मात्र ते बारमाही असतात.

ओळखीची पहिली पायरी वजन हे खरं, पण त्याचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा कमी. १९१९, १९२१ आणि १९४८ चा हाफ-क्राउन ठेवा, तिन्हींचं वजन १४.१४, कस बदलला, वजनाचं माप बदललं नाही. चुंबक तिन्हींना चिकटत नाही. फरक दिसतो तो घनतेत. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला आणि भिंतीला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. हाफ-क्राउनचा पाण्यातला आकडा ९२५ चांदीचा असेल तर १.३६ च्या जवळ येतो, म्हणजे घनता १०.३ ते १०.४, अर्ध्या चांदीचा १.४८, म्हणजे साडेनऊ; तांबं-निकेलचा १.५८, म्हणजे नऊच्या किंचित खाली. चुकतं कुठे, तर बुडबुड्यांत. कडेच्या रेघांत हवा अडकली की आकडा फुगतो आणि अस्सल चांदी हिणकस ठरते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि नाणं हलकेच हलवलं की बुडबुडे सुटतात. सिक्सपेन्सवर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे ०.२७ आणि ०.३० मधला भेद शोधायचा असतो, आणि ०.०१ चा काटा तेवढा भरवशाचा नसतो. खोटं नाणंही कधी कधी अस्सल चांदीचं असतं, हेही ध्यानात ठेवावं; घनता धातूबद्दल सांगते, ठशाबद्दल नाही. ओतीव नाण्याची अक्षरं साबणाच्या वडीवरची कोरीव अक्षरं थोडी वापरल्यावर दिसतात तशी मऊ असतात, आणि कडेवर, दातेरी रेघांच्या मधून, एक सांधा फिरलेला दिसतो.

आणि मग येते नाण्याची कातडी.

संग्राहक ज्याची किंमत मोजतो तो भाग नाण्याच्या वरच्या काही हजारांश मिलिमीटरांत असतो. ठसा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या बारीक वळ्या पृष्ठभागावर राहतात. न हाताळलेलं नाणं एका दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाच्या आऱ्या गोल गोल फिरताना दिसतात त्या याच वळ्यांमुळे. झीज म्हणजे त्या वळ्या बोटांनी, खिशांनी, गल्ल्यांनी सपाट होणं. साफसफाई म्हणजे तेच काम एका दुपारी उरकणं. टूथपेस्ट, राख, रांगोळीची पूड यांच्यात घासणारे कण असतात. ते केसासारखे ओरखडे पाडतात, बहुतेक एकाच दिशेने, कारण माणसाचा हात एकाच दिशेने फिरतो. चांदी चमकवायच्या द्रावात थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते काळं सल्फाइड विरघळवतं, आणि सल्फाइड झालेली चांदीही त्याबरोबर जाते. एकदा बुडवून लगेच धुतलं तर डोळ्याला कळत नाही, पण दर बुडीला वळ्या थोड्या बोथट होतात आणि शेवटी नाणं पांढरंफटक, निर्जीव दिसतं. अॅल्युमिनियमचा कागद आणि खायचा सोडा ही युक्ती ‘चांदी कमी होत नाही’ म्हणून सांगितली जाते. ते अर्धंच खरं. सल्फाइडची पुन्हा चांदी होते, पण ती मूळ वळ्यांच्या जागी बसत नाही, वर भुरकट थर म्हणून बसते. आपल्याकडे दिवाळीआधी चांदीची भांडी चिंचेने, रांगोळीने लख्ख करायची सवय हाताला इतकी बसलेली असते की काळं पडलेलं नाणं तसंच ठेवायला मन तयार होत नाही. या छंदात ती सवय मोडावी लागते.

व्यापारीही हे जाणतात, म्हणून घासलेल्या नाण्यावर पुन्हा रंग चढवला जातो. गंधकाच्या क्षारांनी किंवा उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी ठेवून निळा-जांभळा मुलामा आणता येतो. तो सगळीकडे सारखा असतो. वर्षानुवर्षं लाकडी ट्रेमध्ये राहिलेल्या नाण्याचा रंग असा नसतो. कडेकडे गडद, मध्यात फिका, अक्षरांच्या आडोशाला अजून थोडी झळाळी शिल्लक. खरी कसोटी भिंगाखाली: रंगाच्या खाली ओरखडे आहेत का? असतील तर रंग नंतरचा किंवा घासणं जुनं, दोन्ही प्रकारे किंमत उतरलीच. ठसा मुळात कमजोर उमटला की नाणं झिजलं, हेही असंच ठरतं. पंचम जॉर्जच्या शिलिंगवर सिंहाचं तोंड अनेकदा सपाट असतं. त्या सपाटीवर झळाळी असेल तर ती टांकसाळीतून तशीच आलेली, नसेल तर झीज. सातव्या एडवर्डच्या फ्लोरिनवर उभ्या ब्रिटानियाचं (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) छातीचं कवच सगळ्यात आधी जातं. म्हणून सामान्य सालांचेही चांगल्या अवस्थेतले नग महाग. गॉथिक फ्लोरिनवर कानावरचे केस आणि खांद्याजवळची वस्त्रावरची नक्षी पाहायची.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या नाण्यांना आणखी एक संकट असतं, ते दागिन्याचं. ब्रोच, कफलिंक, घड्याळाच्या साखळीचं पदक अशी नाणी सर्रास वापरली गेली. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवी नाण्यांवर तर रंगीत मिना भरून देण्याची फॅशन होती. नंतर कुणीतरी कडी तोडली, पिन काढली आणि नाणं पुन्हा नाणं म्हणून विकायला आणलं. चेहऱ्यावर काही दिसत नाही. कड फिरवून पाहायची, विशेषतः घड्याळात बारा वाजतात त्या जागी: दातेरी रेघा तिथे पुसलेल्या, कानसलेल्या किंवा किंचित चपट्या असतात, आणि डाखाचा करडा ठिपका रेघांच्या फटीत राहून गेलेला असतो. विकणाऱ्याने दोन्ही बाजूंचे सुंदर फोटो दिले आणि कडेचा दिलाच नाही, तर तो मागावा. मागूनही आला नाही तर पुढे जावं. १८८७ चं सिक्सपेन्स आणि सोन्याचा अर्धा सॉव्हरिन आकाराने इतके सारखे होते की लोक सिक्सपेन्सवर सोन्याचा मुलामा देऊन ते अर्धा सॉव्हरिन म्हणून खपवू लागले, आणि सरकारला ते नाणं त्याच वर्षी मागे घ्यावं लागलं. त्यामुळे मुलामा उतरवलेली सिक्सपेन्सही भेटतात. अक्षरांच्या खाचांत पिवळी रेघ राहते.

१८१६ च्या मागे जावं की नाही? जावं, पण सरळ हातठोक, म्हणजे हातोड्याने ठोकून पाडलेल्या, नाण्यांकडे उडी मारू नये. मधे एक सोपी पायरी आहे: १७८७ चं शिलिंग आणि सिक्सपेन्स. बँक ऑफ इंग्लंडने ती आपल्या ग्राहकांना देण्यासाठी पाडून घेतली, बाजारात ती फारशी फिरलीच नाहीत, म्हणून सव्वादोनशेहून अधिक वर्षं जुनं नाणं जवळजवळ कोऱ्या अवस्थेत परवडणाऱ्या भावात मिळतं. मागच्या बाजूच्या हॅनोव्हर राजघराण्याच्या ढालीत बारीक बदाम (पत्त्यांतल्या बदामासारखी हृदयं) असलेलं आणि नसलेलं असे दोन प्रकार; भिंग घेऊन दोन्ही शोधता येतात. त्याही मागे १७०२-०३ ची, राणी अॅनच्या गळ्याखाली VIGO म्हणजे ‘व्हिगो’ लिहिलेली नाणी, स्पेनच्या किनाऱ्यावर पकडलेल्या चांदीची. आणि १७४५-४६ ची LIMA म्हणजे ‘लिमा’ लिहिलेली, तीही स्पॅनिशांकडून लुटलेल्या चांदीची. धातू कुठून लुटला हे नाण्यावरच अभिमानाने छापणारी ही बहुधा सगळ्यात उघड कबुली. तिसऱ्या विल्यमची १६९६-९७ ची नाणी ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच आणि यॉर्क इथेही पाडली गेली. चेहऱ्याखाली गावाचं आद्याक्षर असतं. त्याच धामधुमीत न्यूटन टांकसाळीत आला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे लागला. विल्यमची सिक्सपेन्स दोन ठिकाणी वाकवलेली सापडतात. ती खराब झालेली नसतात, प्रेमाची खूण म्हणून मुद्दाम वाकवलेली असतात. सरळ करायला जाऊ नका, तुटतात.

ठेवण्याबद्दल थोडक्यात, पण इथेच जास्त नाणी वाया जातात. मऊ, नव्या रेक्झिनसारखा वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट डाग येतात आणि पुढे ते धातू खातात. काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन, नखांचं पॉलिश काढायचं नव्हे. त्यात नाणं थोडा वेळ बुडवून, न घासता, कडेने धरून हवेवर वाळवायचं. अॅसिटोन चिकटा काढतो, चांदीच्या रंगाला हात लावत नाही. खिडकी उघडी आणि देवघरातला दिवा लांब ठेवावा. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड यांतून गंधक सुटतो. ओकच्या लाकडातून आम्लाच्या वाफा. इंग्लंडमधले जुने संग्राहक महोगनीचे ट्रे वापरतात ते उगीच नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावं आणि ते ओलावलं की तापवून कोरडं करावं. एकदा ठेवलं आणि विसरलं तर ते ओलावा धरूनच बसतं.

मुंबईचा उल्लेख आला तर त्या एका ब्रिटिश नाण्याबद्दल बोलायलाच हवं जे मुंबईत पाडलं गेलं. १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी चांदीचा डॉलर निघाला: २६.९५ ग्रॅम, कस ९००, उभी ब्रिटानिया हातात त्रिशूळ घेऊन, मागे चिनी आणि मलयी लिपीत ‘एक डॉलर’. मुंबईच्या टांकसाळीची खूण इंग्रजी B, म्हणजे ‘बी’, त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर इतक्या बारीक कोरलेली की भिंगाशिवाय तो ओरखडाच वाटतो. कलकत्त्याचा C म्हणजे ‘सी’ ब्रिटानियाच्या पायाजवळ. १९२५ आणि १९३० चे काही डॉलर लंडनमध्ये पडले, त्यांवर खूण नाही. म्हणजे १९०० च्या आसपासच्या डॉलरवर कुठलीच खूण दिसत नसेल तर आधी झीज आहे का ते पाहायचं, आणि त्रिशूळ ठसठशीत असूनही पातं कोरं असेल तर नाणं परत करायचं. या डॉलरच्या नकला ढिगाने आहेत, वजनाला बहुतेक एक-दोन ग्रॅमने चुकतात. अस्सल डॉलरवर पुष्कळदा चिनी सराफांनी तपासून ठोकलेले लहान-लहान शिक्के असतात. जुन्या पिढीतले संग्राहक असा डॉलर खराब समजून बाजूला ठेवायचे आणि अजूनही पुष्कळ जण ठेवतात. सारख्याच भावात दोन ठेवले तर मी शिक्के मारलेला उचलेन. त्याची पारख हाँगकाँगपासून सिंगापूरपर्यंत कितीतरी गल्ल्यांवर आधीच होऊन गेलेली आहे. आता शिक्केही खोटे ठोकले जातात, तेव्हा त्यांच्या तळाशी तोच जुना रंग आहे का, एवढं मात्र बघून घ्यावं.